उन्हातल्या टाक्या, सावलीतल्या टाक्या

मी पीएच.डी.ला लागले तेव्हा गावात एकच प्रश्न सगळीकडून यायचा, की मासे शिकायला इतकं मोठं कॉलेज कशाला लागतं. आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. संत्रा, मोसंबी, थोडी कपाशी. मासा बघायचा तर आठवडी बाजारात, तोही बर्फात निजलेला. अशा गावची मुलगी नागपूरला खोली घेऊन राहते आणि माशांवर संशोधन करते हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. बाबा मात्र पारावर बसून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे.

"थे मास्याइचे लगन लावते गा."

लोक हसायचे. पण बाबांचं उत्तर अगदी बरोबर होतं. तिलापिया नावाच्या माशाच्या दोन जाती आहेत, दिसायला जवळजवळ सारख्या. एका जातीची मादी आणि दुसऱ्या जातीचा नर एकत्र आणून मी त्यांचा संकर करत होते. या संकरातून जी पिल्लं येतात, ती आईबापांकडून मिळालेल्या वारशाचा हिशेब मांडला तर सगळी नर व्हायला हवीत. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना नरच हवे असतात, कारण नर भराभर वाढतो. मादी अंडी तोंडात धरून बसते, पिल्लं फुटेपर्यंत खात नाही, आणि म्हणून लहानच राहते. शिवाय तळं पिल्लांनी भरून जातं ते वेगळंच. म्हणून माशांचं बीज तयार करणारे लोक पिल्लांना खाद्यातून हार्मोन देतात आणि नर करून टाकतात. संकर केला तर हार्मोनची गरजच पडू नये.

पण पडायची. कागदावर सगळे नर असले तरी टाकीत दर वेळी काही माद्या निघायच्या. कधी थोड्या, कधी बऱ्याच. एकाच आईची, एकाच बापाची, एकाच दिवशी फुटलेली पिल्लं. त्यातलं एक नर का होतं आणि दुसरं मादी का, हा माझा विषय होता.

आईला हे सगळं मी एकदा ओट्यावर बसून समजावलं. ती हरभरा निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तळ्यातबी पोट्टेच पाह्यजेत लोकाइले."

आम्ही तिघी बहिणी. भाऊ नाही. तिसरी मी. आई हसत म्हणाली खरं, पण नंतर तिनं सूप जरा जास्तच जोरात पाखडलं.

आमची प्रयोगशाळा कॉलेजच्या जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर होती. माझ्या मार्गदर्शक मॅडम निवृत्तीला आलेल्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात, वडील आणि आजोबा दोघेही कचेरीत नोकरीला. बोलणं असं स्वच्छ की त्यांच्यासमोर मी पहिलं वर्षभर 'मले' आणि 'तुले' गिळून बोलायचे. मग एकदा घाईत माझ्या तोंडून "मॅडम, पाणी बदलवून राहिली होती" असं निघून गेलं. त्या म्हणाल्या, "छान. आता निदान तू खरं बोलते आहेस असं वाटलं." त्यानंतर मी गिळणं सोडलं.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या मधल्या बहिणीचं लग्न होतं आणि मी गावी गेले होते. नागपूरचा मे महिना. वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो, आणि टाक्यांच्या खोलीत एकच मोठा कूलर. हळदीच्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"कूलरची मोटर जळली आहे. कळलं तेव्हा पाणी चांगलंच तापलं होतं. पिल्लं जिवंत दिसतायत, पण हा गट आता आपल्या कामाचा नाही. तू धावत येऊ नकोस. लग्न नीट कर."

लग्न उरकून परत आले तेव्हा नवी मोटर बसली होती. तापलेल्या पाण्यात काही दिवस काढलेली ती पिल्लं टाकीत सुसाट फिरत होती, जणू काही झालंच नाही. नियमाप्रमाणे तो गट बाद करायला हवा होता. माझ्याच्यानं होईना. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. विच्छेदन शिकवायला कामी येतील."

म्हणून ते मासे राहिले. पावसाळ्यात बोटभर झाले आणि बी.एस्सी.च्या मुलींना त्यांच्यावर विच्छेदन दाखवायचं ठरलं. इतक्या लहान माशात नर की मादी हे बाहेरून कळत नाही. पोटातून सुतासारखी एक बारीक ग्रंथी काढायची, काचेवर ठेवायची, लाल रंगाचा थेंब टाकायचा, वरून दुसरी काच दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मादी असेल तर गोल गोल अंडी दिसतात, भिजवलेला साबुदाणा पसरल्यासारखी. नर असेल तर बारीक रवा. मुलींना हे सांगून मी पहिली काच दाखवली. रवा. दुसरी, रवा. तिसऱ्या मुलीनं विचारलं, "मॅम, साबुदाणा कधी दिसेल?" मी म्हटलं, दिसेल. तास संपला तरी दिसला नाही. मुली डबे खायला गेल्या आणि मी तिथंच उरलेल्या माशांच्या काचा करत बसले. एकही मादी निघाली नाही.

त्याच जोडीची आधीची पिल्लं हिवाळ्यात वाढली होती, आणि त्यांत कितीतरी माद्या होत्या.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला, एकामागून एक काचा पाहिल्या, आणि नुसतं "हं" म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा नाकारला, तेव्हाच मला कळलं की हे काहीतरी आहे.

पुढच्या महिन्यात कामाचा आढावा घेणारी समिती बसली. त्यात बाहेरगावाहून आलेले एक ज्येष्ठ सर होते, शांत बोलणारे, केस पांढरे शुभ्र. मी उत्साहानं सगळं मांडलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या टाकीत उष्णतेनं माद्या मेल्या असतील. उरले ते नर. यात नवं काय?"

त्या दिवसांत मी बहिणीच्या लग्नात होते. टाकीत किती पिल्लं मेली, कुणी मोजलंच नव्हतं. मी म्हटलं, "सर, तसं नसावं." ते म्हणाले, "नसावं हे मत झालं." बाहेर आल्यावर माझा चेहरा बघून मॅडम म्हणाल्या, "ते चुकीचं बोलले नाहीत. वाईट वाटून घेण्यापेक्षा त्यांना उत्तर शोध."

उत्तर शोधायचं म्हणजे हाच प्रयोग मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर करायचा. बऱ्याच माद्यांची पिल्लं घ्यायची, प्रत्येकीच्या पिल्लांचे दोन वाटे करायचे, एक वाटा गरम पाण्यात आणि एक थंड पाण्यात, आणि मेलेलं प्रत्येक पिल्लू मोजायचं. आमच्या खोलीत इतक्या टाक्या मावणं शक्य नव्हतं. मी गावी गेले तेव्हा हे बोलून गेले. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेतात घेऊन गेले. विहिरीच्या एका अंगाला उघडी जागा होती, दिवसभर ऊन. दुसऱ्या अंगाला मोठं कडुलिंबाचं झाड.

"इकडं तुह्या गरम टाक्या ठेव, तिकडं थंड्या," ते म्हणाले. "ऊन फुकट हाये, सावलीबी फुकट."

मॅडम स्वतः येऊन जागा बघून गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या. काळा रंग उन्हात असा तापतो की पाणी आपोआप हवं तितकं गरम होई, उलट जास्त होऊ नये म्हणून वरून हिरवी जाळी ओढून घ्यावी लागे. सावलीतल्या टाक्यांना विहिरीचं पाणी. प्रत्येक टाकीत हवेचा लहान पंप. थर्मामीटर बघण्याचं काम आईनं आपणहून घेतलं. पहिल्या दिवशी मी तिला मादीच्या तोंडातून पिल्लं काढताना दाखवलं. मासा हातात हळूच धरून तोंड पाण्यात उघडलं की इवली इवली पिल्लं भुर्रकन बाहेर येतात.

आई बघतच राहिली. "इतले दिवस तोंडात? आन् खाते काय थे?"

"काहीच नाही. उपाशी राहते."

"आन् तुमी म्हंता मादी वाढत नाही." तिनं ती मादी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः मोठ्या टाकीत सोडली. "हिले आज पयले खायाले टाक."

सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. मग एका दुपारी हवेचे पंप थांबले. शेजारच्या गावाजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. लाईनमनला फोन केला तर तो म्हणाला, "आज येईन का उद्या येईन, काही सांगता येत नाही."

गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. पंप बंद पडून फार वेळ झाला नव्हता तरी उन्हातल्या टाक्यांमधली पिल्लं वर येऊन पाण्याबाहेर तोंडं उघडायला लागली. हजारो तोंडं. ही पिल्लं मेली तर नुसती पिल्लं मरणार नव्हती. सरांचं म्हणणं खरं ठरणार होतं. गरम टाकीत मेली, उरले ते नर. दुसरं वर्ष पाण्यात.

बागेत झाडांना आळे करायला बाया आल्या होत्या. त्यांतली एक धावत विहिरीकडे गेली आणि गार पाण्याची बादली भरून आणली.

"नको," मी ओरडले. "थंड पाणी नका टाकू."

"अवं, मरून राहिले ना थे."

"थंड पाणी टाकलं तर प्रयोग मोडते मावशी. हे गरमातच राह्यले पाह्यजेत."

ती माझ्याकडे बघत राहिली, की या पोरीला उन्हाचं लागलं की काय. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी रिकामी बादली उचलली, गरम टाकीतच बुडवली, डोक्याच्या वर उचलली आणि त्याच टाकीत वरून धार सोडली. पाणी फेसाळलं.

"असं चालन का?"

"चालन," मी म्हटलं. वरून पडणारं पाणी हवा घेऊन खाली जातं. मला ते पुस्तकातून माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नव्हतं.

"मंग पाह्यत काय राहिली? बादली घे."

मी बादली घेतली. आईनं घेतली. बाबांनी चाळणीचं कापड आणून बादल्यांच्या तोंडाला बांधलं, म्हणजे पाणी आत येईल पण पिल्लं येणार नाहीत. बाया दोन दोन करून एकेका टाकीपाशी उभ्या राहिल्या. पाणी वर, पाणी खाली. सूर्य डोक्यावर, पाणी गरम, हात भरून येत होते. कुणी थांबलं नाही. "मास्याइच्या लग्नाले आलो आपण," एक बाई म्हणाली, आणि दुसरीनं खरंच हळदीचं गाणं सुरू केलं. मग सगळ्याच म्हणायला लागल्या. बादलीवाली मावशी, जिच्यावर मी ओरडले होते, तीच सगळ्यात मोठ्यानं गात होती. मी गात नव्हते. मी गाण्याच्या ठेक्यावर बादली उचलत होते आणि दर वेळी पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघत होते. हळूहळू तोंडं कमी झाली. पिल्लं खाली जायला लागली.

ऊन कलल्यावर गावातले मंडपवाले काका आले. त्यांचा जनरेटर पलीकडच्या गावात एका लग्नात लागला होता. बाबांनी फोन केला तेव्हा मुलीची पाठवणी व्हायची होती. ती झाल्याबरोबर ते जनरेटर ट्रॅक्टरवर टाकून थेट आमच्या शेतात. दोरी ओढली, धूर निघाला, आणि सगळ्या टाक्यांमध्ये एकदम बुडबुडे सुरू झाले. बायांनी बादल्या खाली ठेवल्या. मी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि तोंडावरचा घाम पुसायलाही हात उचलेना. आई शेजारी येऊन बसली, माझा उजवा हात मांडीवर घेऊन चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी मेलेली पिल्लं वेचली. गरम टाक्यांमधली सगळी मिळून एका ओंजळीत मावली. सावलीतल्या टाक्यांमध्येही थोडी होती. मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, कारण विश्वास बसत नव्हता. ती मेलेली पिल्लं सगळीच्या सगळी माद्या होती असं धरलं, तरी सरांच्या हिशेबाला ती पुरणार नव्हती.

पिल्लं जरा मोठी झाल्यावर पाणी भरलेल्या, हवा कोंबलेल्या पिशव्यांमध्ये घालून एसटीनं नागपूरला आणली. कंडक्टरनं पिशव्यांकडे बघून विचारलं, "हे काय हाये?" मी म्हटलं, संशोधन. तो म्हणाला, "संशोधन मांडीवर घ्या, पाय ठेवाले जागा पाह्यजे." सगळ्या पिशव्या मांडीवर आणि पायांत घेऊन मी काटोल ओलांडलं, आणि पाणी हिंदकळलं की माझाच श्वास अडकायचा.

मग ते दिवस आले, जे मला अजून चव घेऊन आठवतात. सकाळी डबा घेऊन यायचं, काचा करायच्या, बघायचं. सावलीतल्या टाक्यांतले मासे: रवा, साबुदाणा, रवा, रवा, साबुदाणा. उन्हातल्या टाक्यांतले: रवा. रवा. रवा. एका मादीची पिल्लं झाली, दुसऱ्या मादीची घेतली. तेच. तिसऱ्या मादीची. तेच. मॅडम रोज येऊन माझ्या शेजारी बसायच्या, आणि कोणती काच कुठल्या टाकीतली हे मी त्यांना मुद्दाम सांगत नसे. त्या बघून सांगायच्या, मी चिठ्ठी उलटून बघायची. शेवटची काच झाल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"आता माद्या मेल्या असं कुणाला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "माद्या झाल्याच नाहीत."

मग म्हणाल्या, "पर्स घे. सदरला जाऊ." इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी बाहेर चहाही पाजला नव्हता. त्या दिवशी आम्ही सदर भागातल्या एका जुन्या बेकरीत बसलो आणि मॅडमनी स्वतःसाठी दोन पेस्ट्री मागवल्या. दोन्ही त्यांनीच खाल्ल्या.

आता राहिला प्रश्न की उष्णतेनं नेमकं केलं काय. मासे सगळे भाऊबहीण, वारसा तोच. जनुकं बदललेली नव्हती. पण जनुक असणं आणि जनुक बोलणं या दोन गोष्टी आहेत. जनुकाच्या अक्षरांवर मिथाइल नावाची एक अगदी लहान रासायनिक खूण बसू शकते. अशा खुणा दाटीनं बसल्या की ते जनुक असूनही गप्प होतं. अक्षरं तीच राहतात, वाचली मात्र जात नाहीत. या विद्येला एपिजेनेटिक्स म्हणतात. माशांच्या अंगात नराच्या हार्मोनचं मादीच्या हार्मोनमध्ये रूपांतर करणारं एक जनुक असतं. ते बोललं तर ग्रंथी मादीच्या वाटेनं जाते. गप्प राहिलं तर नराच्या. माझा अंदाज असा, की पहिल्या काही आठवड्यांतली उष्णता या जनुकावर खुणा बसवत असावी.

खुणा मोजण्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले आणि उत्तराची वाट बघण्यात पाऊस संपून थंडी आली. उत्तर आलं त्या दुपारी मॅडमच्या खोलीत त्यांच्या संगणकावर आम्ही दोघींनी ते एकदमच पाहिलं. उन्हातल्या नरांमध्ये त्या जनुकावर खुणांची गर्दी होती. सावलीतल्या माद्यांमध्ये ते जवळजवळ कोरं. आणि सावलीत आपले आपण नर झालेले जे मासे होते, त्यांच्यातही गर्दी. म्हणजे खूण नुसत्या उष्णतेची नव्हती, नर होण्याची होती. उन्हातल्या माशांना पुढे कित्येक महिने गार पाण्यात ठेवलं होतं तरी खुणा पुसल्या नव्हत्या.

मी उभीच राहिले. मॅडम म्हणाल्या, "बस. आता अवघड भाग. खुणा दिसल्या असं म्हण. खुणांनी केलं असं म्हणू नकोस. अजून नाही."

म्हणून तिसरा उन्हाळा. या वेळी प्रयोगशाळेतच, कारण काम थोडं पण नाजूक होतं. सगळ्या टाक्या सारख्याच गरम ठेवल्या. निम्म्या टाक्यांतल्या पिल्लांना खाद्यातून एक औषध दिलं, जे या खुणा बसूच देत नाही. खुणांनीच नर होत असतील, तर खुणा न बसलेल्या माशांमध्ये, पाणी गरम असूनही, माद्या निघायला हव्यात. न निघाल्या तर माझा सगळा तर्क कोसळणार होता. त्या दिवसांत मला नीट जेवण जात नव्हतं. आई फोनवर रोज विचारायची, "पाणी किती गरम हाये?" आणि मी आकडा सांगितला की तिकडून "हाव, बराबर" असं यायचं.

औषध दिलेल्या टाकीतला पहिला मासा. रवा. मी काच बाजूला ठेवली. दुसरा. रवा. तिसऱ्या माशाची ग्रंथी काचेवर ठेवली तेव्हा ती जरा जाड वाटली, पण मी स्वतःला म्हटलं, उगाच. रंग टाकला. काच दाबली. डोळा लावला.

गोल. गोल, गोल, गोल. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंडी.

मी दारात जाऊन मॅडमना हातानंच बोलावलं. त्या आल्या, वाकल्या, पाहिलं. मग सरळ उभ्या राहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता म्हण." मी म्हटलं, "खुणांनी केलं." त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं, आणि पलीकडच्या खोलीतली मुलं काय झालं म्हणून बघायला आली. पुढच्या दिवसांत त्या टाक्यांमधून माद्या निघतच राहिल्या. शेजारच्या, औषध न दिलेल्या टाक्यांमधून एकही नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. आई, बाबा, दोन्ही बहिणी आणि मंडपवाले काका पहिल्या रांगेत बसले. मॅडमनी मुद्दाम तिथं बसवलं होतं. मी बोलले, चित्रं दाखवली. पांढऱ्या केसांचे सर समितीत होतेच. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली ती थांबेचनात. मेलेल्या पिल्लांचा हिशेब. पाण्यातला प्राणवायू. औषधानं दुसरं काही बिघडलं नाही कशावरून. एकेका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि गंमत अशी की त्यांतले निम्मे प्रश्न त्यांच्या त्या जुन्या एका वाक्यानंच मला आधीच स्वतःला विचारायला लावले होते. शेवटी त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"माद्या मेल्या असं मी म्हणालो होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ते चूक होतं. ते चूक आहे हे इतक्या नीट दाखवलेलं मी क्वचित पाहिलं आहे."

मग अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. अशा वेळी कुणी विचारत नाही. आईनं हात वर केला. मी गोंधळले. ती उभी राहिली, पदर सावरला.

"थे उन्हातले पिल्लं मोठे झाल्यावर बरे राह्यले का? त्याइले पुढं लेकरं झाले का?"

मी म्हटलं, "हो. नर म्हणून वाढले, बाप झाले. त्यांची पिल्लं निरोगी आहेत. खालच्या मजल्यावर टाकीत आहेत, तुला दाखवते."

"मंग ठीक हाये," म्हणून ती खाली बसली. सरांनी मान डोलावली आणि आपल्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

समिती आत गेली आणि बाहेर आली. अध्यक्षांनी वाक्य पुरं करायच्या आतच बाबा उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. कुणीतरी त्यांना बसा म्हणून खुणावलं, पण ते बसले नाहीत. मग मॅडम उभ्या राहिल्या. मग सर. मग सगळं सभागृह. माझ्या मोठ्या बहिणीनं डोळ्यांना रुमाल लावला. मधली माझा फोटो काढत होती.

बाहेर व्हरांड्यात बाबांनी फोन काढला आणि एकेकाला सांगायला सुरुवात केली. मामाला लावलेला फोन मी ऐकला. "हाव, डॉक्टर झाली. नाही गा, सुई टोचनारी नाही. मास्याइची. अरे, लय मोठं काम केलं तिनं. काय केलं म्हंजे? थांब, तिलेच देतो, थेच सांगन." आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मी मामाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, व्हरांड्यात उभं राहून, आमच्या बोलीत. मध्येच मॅडम जवळ येऊन थांबल्या आणि ऐकत राहिल्या. माझं बोलणं लांबत गेलं, लोक पांगले, खाली गाडी लागली, बहिणी हाका मारू लागल्या, तरी मी फोन ठेवला नाही. मामा तिकडून "मंग? मंग?" करत होता, आणि अजून बरंच सांगायचं बाकी होतं.